डब्यात फक्त प्रवाशांचं

४ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची बोटीवर! केबिन म्हणजे आडवं टाकलेलं कपाटच, पण गोल खिडकीतून नदी दिसते आणि गादी घरच्यापेक्षा जाड आहे. काम माझ्या हातचंच, पायांचं. प्रवासी दिवसभर जुन्या देवळांच्या पायऱ्या चढणार-उतरणार आणि मग माझ्याकडे येऊन पाय पसरणार. पाय कोमट पाण्यात भिजवायचे, वज्रीने घासायचे, कुरुपं काढायची, मलम चोळायचं. चोवीस वर्षं हेच करतेय, फक्त समोर आता भिंतीऐवजी किनाऱ्यावरची देवळं सरकत जातात. थाट आहे बाई!

आठव्या दिवशी बोट जिथे थांबते तिथेच लेकीचं घर. तिचे दिवस भरत आलेत. बाळ घरी आलं की सगळ्यांत आधी माझ्या हातात द्यायचं, असं तिने नवऱ्याला बजावून ठेवलंय. माझ्या उजव्या तळव्यावर इस्त्रीने भाजल्याचा तिकोनी डाग आहे. लहानपणी त्यावर बोट ठेवल्याशिवाय ती झोपायची नाही.

मॅनेजरने एकच नियम सांगितला. घासून निघालेली कातडी नदीत टाकायची नाही, स्टीलच्या डब्यात भरून त्याला द्यायची. आणि डब्यात फक्त प्रवाशांचं, बोटीवरच्या माणसांचं काही पडता कामा नये. मी म्हटलं, असेल काहीतरी स्वच्छतेचं खूळ.

५ नोव्हेंबर

आज अकरा जोड्या पाय. निवृत्त हेडमास्तरांच्या टाचांवर तर दाराच्या उंबऱ्याएवढा थर होता. पाण्यात फुगून पांढरा झाला आणि मऊ चीजसारखा सोलून निघाला. वासाने मी, मी सुद्धा, तोंड वळवलं. हेडमास्तर मात्र गुदगुल्या झाल्यासारखे हसत होते.

डबा निम्मा भरला. झाकण उघडलं की आंबूस वाफ तोंडावर येते.

६ नोव्हेंबर

दुपारी सगळे देवळात गेले होते. माझ्याच टाचांना भेगा पडल्यात, म्हटलं लोकांचे पाय झाले, आपलेही बघावेत. घासले, आणि हातासरशी सगळं डब्यात गेलं. मागाहून नियम आठवला. पण त्या लगद्यातून माझं वेगळं कसं काढणार? हात घालायचीही शिसारी आली. माझ्या टाचा काय सोन्याच्या लागून गेल्या, म्हणून झाकण लावलं आणि डबा देऊन टाकला.

७ नोव्हेंबर

डबा कुठे जातो ते आज पाहिलं. पाहिलं नसतं तर बरं झालं असतं.

देवळाच्या मागे आमच्या बोटीवरचाच गिलाव्याचा मिस्त्री बसला होता. त्याने डबा घमेल्यात उपडा केला, पाणी घालून लगदा पायाने तुडवला आणि थापीने मूर्तींना फासायला लागला. म्हणाला, या दगडाला चुना धरत नाही, सिमेंट धरत नाही, फक्त हेच धरतं. त्याच्या आज्यापासून असंच चालत आलंय. काल याच मूर्तींवर प्रवासी बायका प्रेमाने गाल टेकवून फोटो काढत होत्या. मी कठड्याला धरून ओकले.

दाराशी उजवीकडे एका बाईची मूर्ती आहे. तिच्या दगडी टाचेला भेगा होत्या. तीन उभ्या, एक आडवी. माझ्या होत्या तशाच.

माझी टाच सोललेल्या अंड्यासारखी गुळगुळीत झालीय.

८ नोव्हेंबर

आजचं देऊळ वेगळं, पण दाराशी बाई तीच. आज तिच्या तळव्यावर रेषाही आल्यात.

टबात हात घातला आणि माझ्या बोटांची कातडी मोज्यासारखी सैल झाली. न दुखता निघाली आणि पाण्यावर तरंगली. पाय पुढे करून बसलेल्या बाईंना ते कळलंच नाही. त्या म्हणाल्या, तुमचे हात किती मऊ हो!

मिस्त्रीला गाठलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, प्रवासी उतरून घरी जातात, दगडाला ते सापडत नाहीत. आपण रोज त्याच्या समोरून जातो, त्याला एकदा चव लागली की तो पुरतं माणूस मागतो. तुमच्या आधीची बाईही असंच विसरली होती. पुढचं मी विचारलं नाही.

९ नोव्हेंबर

जावयाचा फोन आला. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत, उद्या घरी सोडतील. सोमवारी धक्क्यावर येणार, बाळाला घेऊन.

रडले. डोळे पुसायला हात वर केला तर तळव्यावर डाग नव्हता. काहीच नव्हतं. ओलं, गुलाबी, चिकट.

डाग देवळाच्या दाराशी उभ्या त्या दगडी बाईच्या हातावर आहे. मी खिडकीतून पाहिला.

१० नोव्हेंबर

या हातांनी बाळ घ्यायचं? नाही.

सगळे जेवत असताना वज्री घेऊन उतरले. तिचा दगडी तळवा खरवडला. दगड नव्हताच तो. ओला होता. नखाखाली गेला. वास हेडमास्तरांचा, त्या बाईंचा, कुणाकुणाचा— मूठभर निघाला. माझ्या हातांवर थापला. तोंडात आंबट पाणी येत होतं तरी थापला.

धरला. लगेच धरला.

डाग परत आला. पण त्याच्या बाजूला कुणाचं तरी कुरूप आहे. एक राठ पांढरा केस. अंगठ्याजवळ दुसऱ्याच कुणाचं नख उगवतंय—

हातात वही धरली की कागद सुटत नाही. फाडून काढावा लागतो.

११ नोव्हेंबर

धक्का. लेक दिसली. हात पदराखाली लपवले.

नको म्हटलं. हात खराब आहेत म्हटलं. ती हसली, म्हणाली, आई, तुझे हात आणि खराब? मला बाकावर बसवून बाळ मांडीवर ठेवलं आणि जावयाला बॅगा दाखवायला गेली. मी उजव्या हाताने लिहितेय, नजर दुसरीकडे ठेवायला. डावा बाजूला धरलाय. लांब. अगदी लांब—

बाळाने त्याच हाताचं बोट धरलं. एवढीशी मूठ. सोडत नाही.

हळूच ओढून पाहिलं. मुठीची कातडी माझ्या बोटाबरोबर वर आली, ती रडली नाही, नुसती बघतेय, आणि आता मनगटापर्यंत—