श्वास धरून ओढलेली रेघ

सोम., १ जुलै १९९६

आजपासून पुन्हा विद्यार्थी. पंचावन्नाव्या वर्षी. जामबागेतल्या कॉलेजात संध्याकाळचा वर्ग. इमारतींचे नकाशे काढायचा डिप्लोमा, निम्मा शाईने, निम्मा कॉम्प्युटरवर. वर्गातली पोरं माझ्या पोरांहून लहान. दारात मला बघून सगळी उभी राहिली. मला मास्तर समजली.

हिमायतनगरच्या ऑफिसात उभी हयात नकाशेच काढले. कुणी शिकवलं नाही. मामा तिथेच नकाशे काढायचे, त्यांच्या खांद्यामागे उभा राहून बघितलं, तेवढंच. आता साहेब म्हणतात, "शिंदेजी, नव्या वर्षापासून ड्रॉइंग बोर्ड बंद. मशीन. जिसको मशीन आता, वो रहेगा."

घरी बायकोला, शालूला, हेच कारण सांगितलं. खरं आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं फक्त इथे लिहितो. उजवा हात थरथरायला लागलाय. अजून कुणाला कळलेलं नाही. मशीनवर म्हणे हात कसाही हलो, रेघ सरळच उमटते. बुडत्याला काडी.

गुरु., ११ जुलै

कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं, देवळासारखं. आत थंडगार. भिंतीला टेकून बसलेली ती काळ्या पडद्यांची तोंडं. माझ्या मोज्याला भोक, अंगठा बाहेर.

ख्वाजा सरांनी एक खोली काढायला सांगितली. मी सवयीने मनातल्या मनात शंभराने भागून मापं घातली, कागदावर घालतो तशी. घातली, घातली, पडद्यावर काहीच नाही. घाम फुटला. वाटलं, मशीन बिघडवलं आपण. शेजारच्या शिरीषाने (चुणचुणीत तेलुगू पोरगी, मला अंकल म्हणते) काहीतरी दाबलं, तेव्हा कोपऱ्यात तिळाएवढा ठिपका दिसला. ती माझी खोली!

ख्वाजा सर वाकून बघतात तर काय. "चाचा, इसमें कौन रहेंगा? चींटी?" सगळा वर्ग हसला. मीही हसलो. मशीनमध्ये घर घराएवढंच काढायचं असतं म्हणे, लहान करायचं ते कागदावर उतरवताना. जन्मभर घरं लहान करून काढली. आता हे.

पण एक बघितलं. हात थरथरत होता, आणि त्या ठिपक्याच्या चारही भिंती काटकोनात होत्या.

मंगळ., ३० जुलै



आज नियम वाचून दाखवले. डिसेंबरात आधी शाईची परीक्षा. ट्रेसिंग पेपरवर पूर्ण नकाशा, बाहेरचे परीक्षक समोर. त्यात पास होणाऱ्यालाच कॉम्प्युटरच्या परीक्षेला बसू देणार. सरांना विचारलं, सूट नाही का? "चाचा, तुम कायको डरते जी? तुम्हारा हाथ तो मशीन है!"

ज्या विहिरीपासून पळालो, वाट तिच्याच काठावरून. घरी येताना बस आमच्या चिक्कडपल्लीच्या पुढे गेली तरी कळलं नाही.

रवि., १८ ऑगस्ट

सकाळी बशीवर कप वाजला. मी पटकन खाली ठेवला. शालू भाजी निवडत होती. मान वर केली नाही. बहुतेक ऐकलं नाही.

बाबांचं असंच सुरू झालं होतं. आधी कप. मग सदऱ्याची बटणं. मग घास तोंडापर्यंत जाईना. आई भरवायची, तेव्हा ते भिंतीकडे बघायचे. शेत गेलं, गाव सुटलं, तेव्हा न रडलेला माणूस. पुढचं लिहवत नाही.

डॉक्टरकडे जायचं नाही. नाव कळलं की आजार घरात पाय पसरून बसतो.

बुध., ११ सप्टें.

ऑफिसात जिन्याचं ट्रेसिंग. एक रेघ हलली. ब्लेडने हलकेच खरवडली, नखाने घासून कागद गुळगुळीत केला, वरून परत ओढली. परत हलली. परत खरवड.

साहेब आले, कागद उचलून खिडकीशी धरला. आमच्या धंद्यात हाच आरसा. शाई कितीही बेमालूम बसवा, खरवडलेली जागा पातळ पडते, उजेड तिथून आरपार येतो. जिन्यावर चांदण्याच चांदण्या.  साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "तबियत ठीक है ना?"

"हौ साहेब. चष्म्याचा नंबर."

खोटं किती सहज येतं तोंडात.

मंगळ., १ ऑक्टो.

शिरीषाला शाई जमत नाही, रेघेच्या शेवटी पसरते. तिला मामांची रीत सांगितली: पेन टेकवायच्या आधी श्वास घ्यायचा, धरायचा, रेघ संपली की सोडायचा. मध्ये सोडलास तर रेघ सांगते. तिने करून बघितलं, गाल फुगवून. छान आली रेघ.

"अंकल, आप करके दिखाओ ना."

"कल." पेन बंद करून खिशात. तिचा चेहरा पडला. उद्या काय सांगू?

शुक्र., २५ ऑक्टो.

आज एक गोष्ट घडली.

टेबलावर एक छोटी पिशवी. जुन्या खणाची, आत जोंधळे, तोंड शिवलेलं, दोन्ही बाजूंना बांधायचे बंद. शालूला विचारलं, हे काय?

"पंख्याने कागद उडतो ना तुमचा? वजन."

कागदावर ठेवायच्या वजनाला बंद कशाला? ती आत गेली पोळ्या करायला. मी बंद मनगटाला बांधले. बरोब्बर बसले. ना सैल ना घट्ट. माप कधी घेतलं असेल? झोपेत?

पेन उचललं. वजनाने हात खाली टेकला. थरथर गेली नाही, पण दमली. पाच रेघा ओढल्या, तीन चांगल्या.

आतून आवाज, "उडतोय का कागद?"

"नाही गं."

म्हणजे कपही ऐकला होता.

शनि., ३० नोव्हें.

परवा परीक्षा. जेवण जात नाही. लहान रेघा साधतात, लांब रेघ नाही. गच्चीची रेघ कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिथवर श्वास पुरतो, हात पुरत नाही. नापास झालो तर मशीन नाही. मशीन नाही तर ऑफिस नाही. आणि ऑफिस सुटलं की मी दिवसभर घरात, कपाकडे बघत. त्याचीच जास्त भीती.

सोम., २ डिसें.

झाली.

पिशवी बांधून बसलो. परीक्षक, पांढऱ्या केसांचे गृहस्थ, थांबले. "ये क्या है?"  शालूचंच वाक्य तोंडातून आलं, "पंखे से कागज उडता, साहेब." त्यांनी वर बघितलं. पंखा बंद होता. करंट गेलेला. पुढे गेले.

भिंती झाल्या, दारं झाली. गच्चीची रेघ शेवटी ठेवली होती. श्वास घेतला, धरला. अर्ध्यावर हात हलला. तिथेच थांबलो असतो तर शाईचा डाग. तशीच ओढत नेली. मग ब्लेड घेऊन ती एक जागा खरवडली, पुन्हा जोडली. एकच जागा. बाकी कागदाला ब्लेड लागलं नाही.

परीक्षकांनी एकेकाचा कागद खिडकीशी धरला. माझा धरला. तेवढ्या एका जागेतून उजेड आला, सगळ्यांना दिसेल असा. त्यांनी तिथे बोट ठेवलं.

"यहाँ घिसे?"

"हौ साहेब. हाथ हिला." चष्मा म्हणायचं होतं. निघालं नाही.

ते माझ्या मनगटाकडे बघत राहिले. मग कागद खाली ठेवला. गठ्ठे दोन होते. कोणता पासचा, कोणता नापासचा, ते कळलं नाही. शिरीषाचाही माझ्याच गठ्ठ्यात गेला, एवढं बघितलं. पण तिची आजची रेघ कशी आली, मला माहीत नाही.

घरी आलो. शालूने चहा दिला, कपबशीत नाही, पितळी पेल्यात, अर्धाच.  मीच म्हणालो, "कागद एकदा हलला."

"कुठे?"

"गच्चीत."

"हं." मग पेल्यात आणखी अर्धा ओतत म्हणाली, "गुरुवारी डॉक्टरांकडे नंबर लावलाय. माझा गुडघा दुखतो. तुम्ही सोबत चला."

गुडघा! हो म्हणालो.

यादी उद्या सकाळी कॉलेजच्या फळ्यावर लागणार. शालूही येते म्हणतेय. तिला कोठीच्या बाजारात दोरा घ्यायचाय म्हणे, जामबागेला लागूनच. चिक्कडपल्लीत काय दोरा मिळत नाही?