मला चालत नाही

प्रिय वैष्णवी,

तुझा फोन लागत नाही. वर पठारावर रेंज नसते हे मला माहीत आहे, आणि आईच्या दहाव्यापासून तू मुद्दामही उचलत नसशील, तेही समजतं. म्हणून लिहितोय. मल्हारराव सकाळी दूध घालायला पौडला येतात, तेव्हा डेअरीपाशी थांबून जावईबापूंच्याच हातात हे देईन. शाळेच्या ऑफिसात मी जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज आणि दाखले लिहिले, घरच्या माणसाला पत्र लिहायची वेळ आली नाही. काही कमीजास्त झालं तर सांभाळून घे.

घरी तसं ठीक आहे. किशोर आणि तुझी वहिनी शनिवारी महाळुंग्याहून येतात, तिकडेच राहायला चला म्हणतात. मी अजून हो म्हटलेलं नाही. मागच्या खोल्यांत कंपनीतली पोरं भाड्याने आहेत. त्यांतला एक उत्तरेकडचा आहे, संध्याकाळी विचारतो, अंकल, चाय लाऊँ? मी आणू देतो. त्याचा चहा तुझ्या आईच्या चहासारखा गोडमिट्ट असतो. साखर कमी घाल म्हणून मी तिच्या कायम मागे लागायचो, आणि आता तोच चहा मला बरा वाटतो.

माणूस गेल्यावर त्याला काय काय आवडायचं ते आठवायला लागतं. तिला एसटीत खिडकीची जागा लागायची. लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा ताम्हिणीतून माणगावला गेलो तेव्हा धरणाचं पाणी दिसू लागल्यापासून ते मागे पडेपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, रागावली. माणगावला उतरल्यावर तिने फक्त एवढंच विचारलं, परतीला पण हीच बाजू मिळेल का. परतीला पाणी दुसऱ्या हाताला येतं, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. मीही सांगितलं नाही, गाडी लागल्याबरोबर पुढे चढून बरोबर ती जागा धरली. आमचं असंच होतं. ती गप्प बसायची आणि मी माझ्या परीने अर्थ लावायचो. कधी बरोबर यायचा, कधी नाही.

पुढे तिचा मोठा प्रवास एकच झाला, काशीचा. तुझं दुसऱ्यांदाही पोटातलं गेलं, त्या वर्षी शेजारच्या रजनीमावशींच्या भजनी मंडळाने बस ठरवली होती. मला रजा नव्हती, ती एकटीच त्यांच्याबरोबर गेली. काशीला गेलं की आपल्या आवडीची एक वस्तू तिथे सोडायची असते, मग ती जन्मात पुन्हा तोंडात घालायची नाही. परत आल्यावर मी विचारलं, काय सोडलंस. पडवळ, म्हणाली. मी पोट धरून हसलो. पडवळ तिने आधीही कधी खाल्लं नव्हतं. किती तरी दिवस मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतो, आमच्या घरात काशीचं पुण्य फुकटात पडलं. तीही हसायची.

आता त्या दिवसाबद्दल लिहितो, ज्याबद्दल आपण दोघं नीट कधी बोललो नाही. तुझं लग्न तिला पटलं नव्हतं, हे मी नाकारत नाही. भावकीने टोमणे मारले, धनगराच्या घरात पोरगी दिली म्हणाले, आणि ती दोन दिवस अंथरुणातून उठली नव्हती. ते तू विसरावंस असं मी म्हणणार नाही. पण तुझी दिशा जन्मल्यावर ती बदलली होती. तुमची म्हैस व्याली आणि तुझ्या सासूबाई, बानूबाई, पहिल्यांदा आपल्या घरी आल्या, तेव्हा सकाळपासून तिने दोनदा अंगण झाडलं होतं. त्या माउलीने दोन गाड्या बदलून चिकाची किटली मांडीवर धरून आणली होती. तुझ्या आईने गूळ-जायफळ घालून खरवस लावला, वड्या पाडल्या, सगळ्यांना वाढल्या. भाडेकरू पोरांनाही नेऊन दिल्या. बानूबाई वाटी पुढे करून म्हणाल्या, "इहीणबाई, तुमी बी घ्या की वाईच." आणि तुझी आई म्हणाली, "मला चालत न्हाई."

बानूबाईंनी वाटी खाली ठेवली. पुढे रानाच्या, पावसाच्या गोष्टी झाल्या, आईने किटलीत तांदूळ भरून दिले, पण त्या तांदळाला काही अर्थ राहिला नव्हता. तू मला दाराबाहेर गाठलंस. "अप्पा, तिला आमच्या हातचं चालत नाही. दिशा दोन वर्षांची झाली, तरी चालत नाही." मी म्हणालो, तिला पित्त होतं, तिनेच मला तसं सांगितलंय. तू म्हणालीस, खरवसाच्या डब्याची कड खरवडून खाणाऱ्या बाईला पित्त कधीपासून व्हायला लागलं? मी तिला पाठीशी घालतोय असं तुला वाटलं. त्यानंतर तू आली नाहीस.

मी हे तिच्या कानावर घातलं होतं. ती तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले, मग पुन्हा चालू झाले. "तिला तसं वाटत आसंल तर वाटू दे," एवढंच म्हणाली. मला तो तिचा ताठा वाटला. पण तुझ्याशी मी फोनवर बोलत असलो की ती शेजारी येऊन उभी राहायची, आणि फोन ठेवल्यावर फक्त दिशाचं विचारायची. खोकला गेला का, बोलते का नीट, जेवते का.

दहाव्याच्या आदल्या दिवशी बायका जमल्या होत्या. पानावर तिच्या आवडीचं काय ठेवायचं, असं विचारत होत्या. किशोर पुरणपोळी म्हणाला, मी भजी म्हणालो. रजनीमावशी कोपऱ्यातून म्हणाल्या, खरवस ठेवा. मी म्हणालो, ती खात नव्हती. तेव्हा त्या मला बाजूला घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "भावजी, तिनं काशीत खरवस सोडला व्हता. लई आवडायचा म्हणून सोडला. पडवळाचं तुमाला उगा सांगितलं. वैष्णवीच्या पोटी पोर जगू दे म्हणली व्हती. अन् बोलून दाखवलं की सोडलेलं माघारी येतं, ज्याच्यासाठी सोडलं ते जातं, म्हणून मला बी शपथ घातली." मी विचारलं, मग आता का सांगताय. तर म्हणाल्या, "सोडणारीच गेली. आता कसली शपथ."

पुढच्या वर्षी दिशा झाली. मला हे खरं वाटतं की नाही, ते विचारू नकोस. तिला वाटत होतं. त्या एका शब्दाने आपली लेक तुटली हे तिला कळत होतं, आणि खरं सांगितलं तर नातीला काही होईल असंही वाटत होतं. तिने तुला तुटू दिलं.

आता गावात चीक मिळायला कुणाकडे गुरं राहिलेली नाहीत. किशोरने बाणेरहून दुकानातला खरवस आणला, तोच मी पानावर ठेवला. तुम्ही दोघं घाटावर आलात, तू पानाकडे पाहिलंस आणि लगेच मल्हाररावांना गाडी काढायला सांगितलीस. तुमचा नाकारला आणि दुकानातला तिच्या पानावर ठेवला, असं तुला वाटलं असणार. मला हाक मारायची होती, पण सगळ्यांसमोर काय सांगणार होतो?

बाळा, तुला हे कळायलाच हवं होतं, म्हणून तुला कळवलं. पण पत्र त्यासाठी नाही. पुढच्या रविवारी मी तुमच्याकडे येतोय, बानूबाईंना भेटायला. अपमान त्यांचा झाला होता, आणि त्या माउलीने तो कुणाला बोलून दाखवला नाही. त्यांना खरं सांगावं असं मला फार वाटतं. पण ज्या पोरीसाठी तुझ्या आईने तोंड मिटून ठेवलं, तिची आई तू आहेस. रजनीमावशी शपथ सुटली म्हणतात, मला त्यातलं काही कळत नाही, आणि तुझ्या मनात पुढेमागे शंका राहावी असं मला नको आहे. म्हणून तुला विचारतोय, बोलू का? तू हो म्हणालीस तर त्यांच्यासमोर बसून सगळं सांगेन. नको म्हणालीस तर एक शब्द बोलणार नाही, त्या जे वाढतील ते पोटभर जेवेन आणि संध्याकाळच्या गाडीने परत येईन.

तुझेच,
अप्पा