बिनसुईचा गट

२ जुलै
जिल्हा बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या संशोधन समितीचा अध्यक्ष झालो. खरं तर संघटनेच्याच अध्यक्षपदाला उभा होतो, पण तात्यारावांना जास्त मतं पडली. बरंच झालं. अध्यक्षानं करायचं काय, तर हार घालून घ्यायचे आणि जेवणाचा मेनू ठरवायचा. संशोधन हे डोकं असलेल्या माणसाचं काम. तात्याराव स्वतः म्हणाले, "डॉक्टर, दुसरं कोणी हे पद घेऊच नाही लागलं." याला म्हणतात एकमत.
संघटनेनं आजवर एकही संशोधन केलेलं नाही. आता बघाच म्हणावं.

४ जुलै, दुपारी
विषय सुचला. साध्या व्हायरल तापात लेकरांना सुई मारायची गरज नसते. हे पुस्तकात आहे, सगळ्यांना पाठ आहे, आणि तरी सगळे मारतात. मीही मारतो. नाही मारली तर आईबाप उठून दुसऱ्याकडे जातात.
प्रयोग असा: पावसाळाभर एका डॉक्टरनं तापाच्या लेकरांना सुई मारायची, दुसऱ्यानं मारायची नाही. कोणाची लेकरं लवकर बरी होतात ते बघायचं. सप्टेंबरात नांदेडला विभागीय परिषद आहे. तिथे पेपर. वाचणार मी.
एथिक्सची परवानगी लागते. त्या उपसमितीचाही अध्यक्ष मीच. दिली.

७ जुलै
पहिली बैठक. सदस्य दोन. विजयमाला मॅडम सर्वांत सीनियर, प्रॅक्टिस सोडलेली, म्हणून निरीक्षक. दुसरा डॉ. महारुद्र. माझ्या समोर रस्त्यापलीकडे यानं दवाखाना टाकला आहे. पोरगंच. बैठकीत "सर, मला एक सांगायचं होतं" असं दोनदा म्हणाला. जेवताना बोलू म्हटलं. जेवताना मी बोलत होतो.
गट ठरवायला दोन चिठ्ठ्या केल्या. 'सुई'च्या चिठ्ठीचा कोपरा किंचित दुमडून ठेवला. याला चीटिंग म्हणत नाहीत. महारुद्रची प्रॅक्टिस नवी, बिनसुईचा फटका त्याला सोसेल. माझ्यावर चार तालुके अवलंबून आहेत. पण मॅडम म्हणाल्या, अध्यक्षांनी शेवटी उचलावी, शोभून दिसतं. महारुद्रनं बरोबर दुमडलेली उचलली.
असो. बिनसुईचा गट मला हवाच होता. अवघड गट नेत्यानं घ्यायचा असतो.

११ जुलै
सुरुवात. पहिलीच केस बानूबाई. राणीसावरगावची, मेंढरंवाली, कित्येक वर्षांपासूनची पेशंट. नातवाला ताप. फॉर्म काढला आणि प्रश्न विचारत लिहीत गेलो. संमतीचा अंगठा मागितला तर म्हणते, "कशाचा कागद हाय? जमिनीचा तं न्हाई ना?" मग सुई मिळणार नाही हे कळल्यावर भडकलीच. "आमच्या मेंढराला ताप आला तं जनावराचा डॉक्टर सुई मारतो. लेकरू मेंढरापेक्षा खाली हाय का?"
समजावून सांगणार होतो, पण फॉर्मचं दुसरं पान बाकी होतं. मान वर केली तोवर ती दारात. खिडकीतून बघितलं. सरळ रस्ता ओलांडला.
विज्ञानाला पहिला विरोध असाच होतो.

१९ जुलै
ओपीडी मंदावली. कारणं उघड आहेत. खुरपणीचे दिवस, शाळेच्या चाचण्या, शिवाय रस्त्यावर नालीचं काम काढलंय, दवाखान्यात शिरायला जागा नाही. नाली महारुद्रच्या दारातही खणली आहे. तिथे लोकांनी स्वतःच फळी टाकली.
माझ्याकडे अजून कोणाला फळीची गरज पडली नाही.

२६ जुलै
बायको, सविता, भाजी निवडता निवडता सहज म्हणाली, प्रियांकानं पोरीला महारुद्रकडे दाखवलं. प्रियांका म्हणजे माझी सख्खी मेहुणी. का म्हणून विचारलं. सविता म्हणाली, तिलाच विचारा. मी कशाला विचारू? उत्तर ठाऊक आहे. लोकांना सुई हवी. शिकलेले काय, न शिकलेले काय, सगळे एका माळेचे मणी. माझी सासुरवाडी त्यात आली याचंच दुःख.
संकल्प: कोणी येवो न येवो, सुई मारणार नाही. शेवटचा पेशंट जाईपर्यंत नाही.

२ ऑगस्ट
आजपासून सुई चालू.
बाहेर नाही, आतल्या खोलीत. शिवाय मी मारत नाही, सिस्टर मारते. फॉर्मवर प्रश्न आहे, 'डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं का?' उत्तर: नाही. यात तसूभरही खोटं नाही.

९ ऑगस्ट
विजयमाला मॅडम न सांगता तपासणीला आल्या. नेमकं आत एका कार्ट्यानं भोकाड पसरलं. मॅडमनी विचारलं, काय झालं हो त्याला? मी म्हटलं, वजनकाट्याला घाबरतं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. चहा न घेता गेल्या. त्यांना शुगर आहे, चहा वर्ज्य असणार.

२० ऑगस्ट
सुई देऊनही गर्दी नाही. साहजिकच आहे. सुई गुप्त असल्यामुळे तिचा बोलबाला होत नाही. समोर मात्र ऑटोंची रांग. उघड सुई मारणाऱ्याचे दिवस आहेत. मी तत्त्वासाठी मरतोय आणि हा माझ्या तत्त्वावर बंगला बांधणार.
सविताला तसं म्हटलं. ती उठून कुकर लावायला गेली.

८ सप्टेंबर
फॉर्म गोळा केले. माझा निकाल ऐतिहासिक आहे. सुई न मारता सगळी लेकरं ठणठणीत! (जी परत आली ती.) नांदेडसाठी नवा कोट शिवायला टाकला.
मग महारुद्रचा गठ्ठा सोडला. भला मोठा. पहिला फॉर्म. इंजेक्शन: नाही. दुसरा. नाही. शेवटपर्यंत नाही.
फोन केला. म्हणाला, "सर, मी आधीपासूनच मारत नाही. गरज नसताना लेकराला टोचायला हात होत नाही. चिठ्ठीत आलं म्हणून कसं मारू? तेच बैठकीत सांगणार होतो." त्याला म्हटलं, तू विज्ञानाचा खून केलास. आणि फोन ठेवला.
सबंध अभ्यासात सुई मारणारा गट मग एकच निघाला. तो कोणता, हे लिहायची गरज नाही.
पण पोरगं खोटं बोलतंय. मारत असणार. नाहीतर एवढी गर्दी कशाला?

१० सप्टेंबर
तात्याराव घरी येऊन गेले. म्हणाले, "दोघांनीबी सुई नाही दिली, मग तुलना कशाची करायची? पेपर राहू द्या." नांदेडचा वेळ वाया जाऊ नये म्हणून तिथे महारुद्र बोलणार आहे. विषय: सुईशिवाय ओपीडी कशी चालवावी. समितीही पुढच्या वर्षी त्याच्याकडे. मी म्हटलं, मी राजीनामा देणारच होतो. तात्याराव म्हणाले, "मग झालं तर." माझी समजूतसुद्धा नीट घातली नाही.
जाऊ दे त्याला नांदेडला. लबाडी उघडी पाडायला मला एक साक्षीदार पुरेसा आहे.

१३ सप्टेंबर
सकाळी बानूबाई माझ्या दवाखान्याच्या पायरीवर बसलेली दिसली, नातू मांडीवर. म्हटलं, आली परत. स्वतः बाहेर गेलो, आत या म्हणालो.
म्हणाली, "न्हाई, दाखिवलं समोर. हितं सावली हाय म्हणून बसले. ऑटो येईस्तोवर."
विचारलं, सुई कुठे मारली त्यानं, दंडावर का कमरेवर?
"मारीतच न्हाई तो. पयल्यांदा मी लय भांडले बी त्याच्यासंगं."
मग तिकडे कशाला जाता?
तिनं लेकराचं टोपरं सारखं केलं. "तो इचारतो. लेकरू कशावर झोपतंय, काय खातंय, ताप कवा चढतो. मी सांगायले तवर गप ऐकून घेतो. तुमी नुसते लिहायलाव. तुमाला कवा सांगावं?" मग म्हणाली, "इतकी वर्सं आले तुमच्याकडं. तुमी लेकराच्या अंगाला हात लावलेला मला याद न्हाई."
ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. सहज बोलली, पाऊसपाण्याचं बोलावं तसं. ऑटो आला, ती गेली.
मी पायरीवरच बसलो. थोड्या वेळानं सिस्टर विचारायला आली, दवाखाना बंद करायचा का. दुपारसुद्धा झाली नव्हती. हो म्हटलं.
सुईसाठी कोणी गेलंच नव्हतं.
फार वाईट वाटतंय. नेहमीसारखं एखादं कारण लिहायला बसलो आहे. एकही सुचत नाही.