गुडघ्याचा एमआरआय, मुक्काम बोळिंज

२० डिसेंबर, ब्रॅम्प्टन
निर्णय पक्का. गुडघ्याचा एमआरआय विरारला जाऊनच करायचा. कॅनडात तो फुकट आहे, पण माझा नंबर ऑगस्टमध्ये. खासगीत करायचा तर तेवढ्या पैशांत बोळिंजच्या फ्लॅटचं वर्षभराचं मेंटेनन्स भरून होईल. ऑपरेशन लागणार की नाही, एवढं कळलं की मी मोकळा. स्वप्ना म्हणाली, आणि विमानाचं तिकीट? तिकीट आईला भेटण्यासाठी आहे. ते यात धरणं प्रामाणिकपणाचं नाही.

२२ डिसेंबर
दोन देशांत रांग लावणं बरोबर नाही. इथला नंबर रद्द केला. माझ्याहून गरजू कुणाला तरी मिळेल. स्वप्नाला एवढ्यात सांगत नाही. बायकोला तत्त्व समजायला वेळ लागतो.

२ जानेवारी, बोळिंज, विरार
पोचलो. लिफ्ट बंद. आई प्रत्येक मजल्यावर माझ्यासाठी थांबत होती. आईच ती. उद्याच सेंटर गाठायचं.

३ जानेवारी
सेंटर पाहून आलो. दर खरोखर परवडणारा. काउंटरवरची रोवेना म्हणाली, मशीन रिकामं आहे, आत्ताच करून टाका. मी घाईत निर्णय घेणाऱ्यांतला नाही. मशीनचं तोंड जरा अरुंद वाटलं. भीती नव्हे, निरीक्षण. आठ तारखेची वेळ घेतली.

५ जानेवारी
माहितीसाठी एमआरआयचा व्हिडिओ लावला. माणूस डोक्याकडून आत सरकत होता. खांदे गेल्यावर बंद केला. पुढचं समजलंच.

६ जानेवारी, दुपार
आजपासून सराव. दिवाणाखाली डोकं घालून, डोळे मिटून पडलो. आई झाडू घेऊन आली. काय करतोयस, असंही विचारलं नाही. म्हणाली, खाली आहेसच तर ती परात सरकव इकडे. सराव भंगला. दोष माझा नाही.

७ जानेवारी
गुडघा बराच बरा. अर्नाळ्याला वाळूत चालून खात्री केली. मग उगाच तपासणी कशाला, असं स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं. संध्याकाळी ठणका लागला. उद्या नक्की. परवा रात्रीचं विमान आहे.

८ जानेवारी
गाऊन घालून दारापर्यंत गेलो. तिथे विचार आला, परदेशातून येऊन आपण इथल्या माणसांच्या वेळा अडवतो, हे योग्य आहे का? रोवेनाला म्हटलं, माझी वेळ इथल्या एखाद्या पेशंटला द्या. ती म्हणाली, आता ऐनवेळी कुठून आणू पेशंट, अंकल?

अंकल.

सोबत आलेली आई बाकावरून उठली. म्हणाली, घेतलेली वेळ वाया कशाला घालवायची, माझा काढून घेते. पर्समधून तिच्याच गुडघ्याच्या एमआरआयची डॉक्टरांची चिठ्ठी काढली. दिवाळीपासूनची. मला माहीतच नव्हती. म्हणाली, तुझं झालं की सांगणार होते. बांगड्या आणि कुड्या माझ्या हातात देऊन आत गेली.

बाहेर आल्यावर विचारलं, गुदमरलं नाही? म्हणाली, कशानं? पाय आत, डोकं बाहेर. आवाज तेवढा फार, बोअरिंग मारतात तसा. गुडघा बघायला डोकं कशाला आत घालतील?

मी म्हटलं, ते माहीत होतं मला. हे खोटं होतं, म्हणून इथे नोंदवतो.

रोवेनाला म्हटलं, आता मी तयार आहे. ती म्हणाली, आता अकरा तारीख.

९ जानेवारी
आईचा रिपोर्ट आला. सांधा पार झिजलाय. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, आणि लवकर. म्हणजे जिन्यात ती माझ्यासाठी थांबत नव्हती.

विमान पुढे ढकललं. स्वप्नाला फोन केला. नंबर रद्द केल्याचंही सांगून टाकलं. ती म्हणाली, चला, आईंचा तरी झाला.

११ जानेवारी, सकाळ
रोवेनाचा फोन. अंकल, येताय ना? म्हटलं, आईच्या ऑपरेशनच्या धावपळीत जमणार नाही. हे कारण खरं आहे. बरंचसं.

आईने फोन माझ्या हातातून घेतला. म्हणाली, येतोय गं आम्ही, मी बसते त्याच्याजवळ.

लिफ्ट अजून बंद. उतरताना प्रत्येक मजल्यावर मी आईसाठी थांबलो. तिला वाटलं, मी घाबरून रेंगाळतोय. म्हणाली, चल रे, डोकं बाहेरच असतं.