पूर्ण पत्ता

प्रिय बयो,

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून घाबरू नकोस. म्हणजे घाबर, पण खाली बसून घाबर. उभ्याने चहा प्यायची आणि उभ्यानेच वाईट बातमी ऐकायची तुझी खोड जुनी आहे.

हे पत्र लाँड्रीवाल्या काकू तुझ्या हातात देतील. त्यांच्याच दुकानामागच्या खोलीत तुमची संस्था सुरू झाली. निवृत्त झालेल्या एक शिक्षिका, मोडक्या खुर्च्या आणि शाळा सुटल्यावर कुठे जायचं ते न कळणारी, आपल्यासारखी परमुलखातून आलेल्या घरांतली पोरं. गृहपाठ उरकला की बाई शिकवायच्या, नगरपालिका कशी चालते, अर्ज कसा करायचा, मोठ्या माणसाच्या डोळ्यांत बघून कसं बोलायचं. तू घरी येऊन स्टुलावर चढायचीस आणि नळाला पाणी नाही म्हणून माझ्याकडेच तक्रार मांडायचीस. मी भांडी घासत असायचे. सभेचं लक्ष नाही म्हणून मला ओरडा बसायचा. नाव, पूर्ण पत्ता, मग मागणी. हा क्रम तू धाकटीला मांडीवर घेऊन पाठ करून घेतलास, तेव्हा तिला धड बुटाची नाडीही बांधता येत नव्हती. ज्याला पत्ता नाही त्याचं कोण ऐकतं, असं बाईंचंच वाक्य तू तिला ऐकवायचीस.

आता संस्थेची केवढी इमारत झाली! काचेचं दार, लिफ्ट, वर तुझी केबिन. गावोगावी शाखा निघाल्या. मला कौतुक नाही असं समजू नकोस. तुझ्या नावाची पाटी मी इतर पाट्यांपेक्षा जास्त वेळ पुसते. सफाईच्या ठेकेदाराने मला नेमकं तिथेच पाठवलं, यात तुझा दोष नाही. लग्नामुळे तुला या देशात राहायचे कागद मिळाले, मला आणि धाकटीला मिळाले नाहीत. कागद नसलेली बाई तुझी आई निघाली तर तुझी नोकरी जाईल, म्हणून चारचौघांत तू मला मावशी म्हणतेस. तेही हळू, मान वळवून. घरी आल्यावर तू जास्तीची आई-आई करायचीस, ते मला कळायचं. राग नाही गं. फक्त त्या दिवशी जेवण जायचं नाही.

खालच्या मजल्यावरचा शिंपी आठवतो ना. त्याच्या लेकीने संस्थेच्या भर सभेत उभं राहून बसथांब्यावर दिवा मागितला होता. नाव, पूर्ण पत्ता, मग मागणी. सगळा हॉल टाळ्या वाजवत उठला, तिचा व्हिडिओ जिकडेतिकडे गेला आणि त्याच पत्त्यावर कागद तपासणारी सरकारी माणसं आली. शिंपी, त्याची बायको, ती पोरगी, सगळ्यांना घेऊन गेली, कुणालाच मागे ठेवलं नाही. शिलाई मशीन बरेच दिवस जिन्यात पडून होतं. दिवा मात्र लागला. त्या व्हिडिओवर संस्थेला देणग्या आल्या आणि त्यातूनच हे काचेचं दार झालं. तू तेव्हा बैठकीत भांडलीस आणि नियम बदलून घेतलास, पोरांनी फक्त नाव आणि इयत्ता सांगायची. तू केलंस ते बरोबर केलंस. मीही निश्चिंत झाले. धाकटीला सभेला पाठवू नकोस, असं मी एकदाही म्हटलं नाही.

काल सभेला मी कामावरून तशीच आले, भिंतीला टेकून उभी राहिले. वाचनालय संध्याकाळी उघडं ठेवा, एवढंच धाकटीला मागायचं होतं. तिने नाव सांगितलं, इयत्ता सांगितली. मग अध्यक्षांनी मायेनेच विचारलं, कुठे राहतेस बाळ? आणि तुझी बहीण ती, ताठ उभी राहिली. रस्ता, इमारत, मजला, दाराचा नंबर, काही म्हणजे काही सोडलं नाही. वर म्हणाली, "ती मागे उभी आहे ती माझी आई." सगळ्यांनी वळून पाहिलं. माझ्या अंगावर ठेकेदाराचा निळा कोट होता. टाळ्या वाजत होत्या. तूही वाजवत होतीस, मग तुझे हात थांबले. कॅमेरा चालूच होता. तेवढ्यात माझा ऊरही भरून आला, खोटं कशाला सांगू. कुणासमोर तरी ती मला आई म्हणाली.

तिला रागावू नकोस. तिला वाटतंय, तुझ्यापेक्षा छान बोलली.

म्हणून हे पत्र. तू वाचशील तेव्हा खोली रिकामी असेल. कुठे जातोय ते काकूंनाही सांगितलेलं नाही, त्यांना खोदून विचारू नकोस. खोलीवर येऊ नकोस, शेजारी चौकशी करू नकोस, आमच्या मागे कुणी तुझ्यापर्यंत पोहोचेल असं काही करू नकोस. परत भेटू असं लिहिणार होते, पण तुला खोटं आवडत नाही आणि मलाही ते खरं वाटत नाही. धाकटी पिशवी भरून दाराशी बसली आहे. नव्या घराचा पत्ता काय, आतापासून पाठ करते म्हणतेय. कुणी विचारलं तर गप्प कसं राहायचं, ते मी तिला सकाळपासून शिकवतेय. तिला अजून जमत नाही.

कुणासमोर म्हणू नकोस, पण तुझीच,
आई