ओम्नीच्या तळाची भोकं

सर्जेकोट, मालवण
८ सप्टेंबर २०२५

चि. यतीन,

बायचा आशीर्वाद. इकडे सगळं बरं आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. बाबांचा दमा पावसात डोकं वर काढतो तसं यंदाही काढलं. गणपती परवा गेले. वाडीतले सगळे मुंबईकर आले, तू दोडामार्गाहून आला नाहीस. मुंबई लांब की दोडामार्ग, हे मला आता कळेनासं झालंय.

फोन उचलत नाहीस म्हणून कागदावर लिहितेय. फकरुद्दीनचाचांच्या नदीमला बांद्याला सामान आणायला जायचं होतं, त्याला म्हटलं थोडा पुढे जा. तू वाचून होईपर्यंत तो पुढ्यातून हलणार नाही, असं कबूल करून घेतलंय. शाळेत एका बाकावर बसलात, तेवढा मान ठेव त्याचा.

पहिली बातमी म्हणजे आपली ओम्नी दुरुस्त झाली. लगेच कागद चुरगाळू नको. एसटीवाले माशांची टोपली चढवू देत नाहीत, रिक्षावाले वासाचं निमित्त काढतात. आईची गिऱ्हाईकं मी अजून कशीबशी सांभाळून आहे. तीन वर्षं गाडी माडाखाली ताडपत्रीत होती, बाबा कुणाला हात लावू देत नव्हते. शेवटी मीच त्यांच्या मागे लागले, तेव्हा म्हणाले, "काय करूचा ता कर. माका दाखव नको." आणि जाळी विणायला मांगरात, मागच्या खोपटात, निघून गेले.

नदीमनं अंगणातच काम काढलं. दारांच्या खालच्या कडा पापडासारख्या फुगल्या होत्या. त्यानं ब्रशनं गंज खरवडला, कुजलेला पत्रा कापला, नवा जोडला, वर रेड ऑक्साइड मारलं. मी पाणी आणून द्यायची आणि कटकट करायची. तो म्हणाला, "मासळी वाहणाऱ्या गाडीक रोज गोड्या पाण्यान धुवचा लागता, बाय. मीठ आतल्या आत खाता." मी म्हटलं, माणसांचंही तेच आहे, तू पत्रा बघ.

मग त्यानं डाव्या सीटखालचं मॅटिंग उचललं.

त्या दिवसाबद्दल मी तुला काय सांगणार, स्टेअरिंगवर तूच होतास. पण गावानं काय सांगितलं ते मला पाठ आहे. कट्टा गावच्या उतारावर यतीननं गाडी उडवली, गुरं आडवी आली, मोरीला धडकला. स्वतःला ओरखडा नाही आणि शेजारी बसलेली आई सीटसकट काचेवर गेली. बाबा तुला स्मशानातच म्हणाले होते, "तुझ्या वेगान तिका मारल्यान." तू एकदाच म्हणालास की मी हळू होतो, सीट आपोआप सुटली. कुणी ऐकलं नाही. मीही नाही.

ती आपोआपच सुटली होती, यतीन.

सीटचे बोल्ट ज्या पत्र्यात होते तो पत्राच नव्हता. नदीमनं स्क्रूड्रायव्हर टेकवला तर मुठीपर्यंत आत गेला. खालून डांबराचा जाड थर होता म्हणून तळ शाबूत दिसत होता, वरून मॅटिंग होतं, आणि मधे ओला लाल भुगा. नदीम म्हणाला, "ही भोकां कंपनीन पाणी भायर जावक ठेवलेली असतत. कोणी बुजवल्यान?" आणि त्यानं आतून एक वात ओढून काढली. कापसाची, राळेत भिजवलेली, होडीच्या फटीत भरतात तशी.

आपल्या वाडीत अशी उलट्या पिळाची वात कोण वळतं हे तुला सांगायला नको.

गाडी घरी आणली तो दिवस आठवतो? बाबा खाली सरपटत गेले आणि बाहेर येऊन ओरडले, "तळाक भोकां! गाडी करणारे काय दारू पिऊन बसले होते?" आई इतकी हसली की तिला ठसका लागला. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रत्येक भोक वात ठोकून बंद केलं आणि वर डांबर फासलं. दर्यावर्दी माणूस तळाला भोक ठेवणार कसा? पण होडीत पाणी बाहेरून येतं. इथे ते आईच्या टोपल्यांतून, बर्फासकट, आतूनच गळत होतं. गाडी आपल्या घाटीच्या उतारावर कायम डावीकडे कललेली उभी असायची, म्हणून सगळं खारं पाणी तिच्याच सीटखाली साचत राहिलं.

मला खूप राग आला. कुणावर काढू? त्यांनी तर जीव लावून केलं होतं. मी नदीमसमोर रडले, तो बिचारा वेल्डिंगचा चष्मा घालून उगाच लांब बघत बसला.

बाबांना मी सांगितलेलं नाही. नदीमनं नवा तळ बसवला, भोकं मोकळी ठेवली आणि खालून काळा रंग दिला. काल संध्याकाळी बाबा आपणहून आले. गाडीखाली हात घालून तळ थोपटला आणि म्हणाले, "माझा डांबर बघ, अजून धरून आसा." नदीमनं होकाराची मान हलवली. त्यानं आयुष्यात याआधी कधी कामाबद्दल खोटं सांगितलेलं नाही.

मग बाबा दाराच्या पायरीवर बसले. मला हाक मारली. म्हणाले, "यतीनाक कळव. नवमीक येवंदे म्हण. माफ केलंय म्हणान सांग."

तर हा त्यांचा निरोप. तीन वर्षं मी ज्या शब्दाची वाट बघितली तो आला, आणि मला तो तुझ्यापर्यंत पोचवायची लाज वाटतेय.

नदीम सांगत होता, तू आता गाडीला हात लावत नाहीस. रबराच्या बागेतून फाट्यापर्यंत पावसात चालत जातोस. म्हणून तुला खरं कळायलाच हवं होतं. तू आईला मारलं नाहीस. हे वाक्य पुन्हा वाच.

आता जे मागणार आहे ते मागायला तोंड नाही, तरी मागते. पुढच्या सोमवारी अविधवा नवमी. आई सवाष्ण गेली, तिचं पान त्या दिवशी वाढायचं. तू ये. बाबांच्या पाया पड आणि त्यांना तुला माफ करू दे. त्यांना खरं कळलं तर ते उठायचे नाहीत, मी त्यांना ओळखते. तुझ्यावरच्या रागावरच इतके दिवस त्यांनी जेवण गिळलंय.

कापलेला पत्रा गोणपाटात बांधून नदीमजवळ दिलाय, वात आतच आहे. तो तुझा आहे. घेऊन आलास आणि त्यांच्यापुढे टाकलास, तरी मी तुला अडवणार नाही, तो तुझा हक्क आहे. तिकडेच कुठे पुरून मोकळ्या हातानं आलास, तर मी तुझ्या पाया पडेन. मोठी बहीण असले तरी.

पान दोन्ही बाबतीत तुझं वाढलेलं असेल.

तुझ्याकडे अन्याय मागणारी
तुझी बाय,
उर्वशी