हात वर केलेलं गाव

५ फेब्रु., सौंदड
पुण्याचा संग्रहालयवाला परत आला. बाबांच्या रिळांचे डबे धान साठवायच्या ढोलीमागून काढून हुंगले. आंबट वास येतोय म्हणे, फिल्म सडतेय, सगळे डबे लगेच द्या. जपण्याचा खर्च त्यांचा. एवढा उदारपणा मला पचत नाही. एकच डबा दिला, धरणात गेलेल्या गावाचा.

२२ फेब्रु.
लॅपटॉप घेऊन आला. कापाकापी केली असेल तर कळावं म्हणून उरकुडामामांना बोलावून ठेवलं होतं. मामा त्याच गावचे, शूटिंगला हजर होते.
आवाज नाही, नुसतं चित्र. तलावाची पाळ. पाण्याला निघालेल्या बाया, त्यात मामांची आई. मामांनी हात जोडले. मग गावसभा, सरकारी साहेब बोलतोय, सगळ्यांचे हात वर. संपलं.
काय कापलंय, विचारलं. काहीच नाही म्हणाले. मग हात वर का केलेत, गाव सोडायला तयार होतात?
"तयार कोन होता? साहेब सांगून राह्यला होता, गाव बुडनार. आमी चूप. मंग तुया बापानं म्हटलं, हात वर करा, फोटो चांगला येते. आमी केले."
संग्रहालयवाला म्हणाला, छान आठवण आहे.
मामा म्हणाले, आणखी एकदा लाव, मायले पाहू दे.

२३ फेब्रु.
बाबा सरकारी कॅमेरामन. लग्नकार्यातही आम्हाला सांगायचे, हसा, हात हलवा. आम्ही हलवायचो. तसंच असेल ते. की साहेबानं आधीच सांगून ठेवलं होतं? आणि मग ही फिल्म घरी का दडवली? आजवर सगळ्यांवर संशय घेतला, बाबांवर कधी नाही. राग येतोय त्यांचा.

२६ फेब्रु.
संग्रहालयवाल्याला फोन केला. मामांचं म्हणणं रेकॉर्ड करून फिल्मला जोडा म्हटलं. 'बघू, जमलं तर रेकॉर्डिंगवाला आणतो.' वर म्हणतो, लोक स्वतः हात वर करून होकार देताहेत, असं चित्रण फार दुर्मिळ. म्हणजे ऐकलंच नाही यानं काही.

२ मार्च
गाडी दारात. मामा धुतलेला सदरा घालून सकाळपासून बसलेत, बोलायला. रेकॉर्डिंगवाला आलाच नाही, पुढल्या खेपेला म्हणे. आज फक्त डबे दिल्याच्या कागदावर माझी सही हवी. सही नाही तर तो डबाही परत, बाकीचेही इथेच. ते वर्षभरही टिकणार नाहीत. हे मात्र खोटं नसावं, वास मलाही येतोय.
मामांना विचारलं, काय करू?
"सही कर. माय त वाचंल."
आणि तुमचं म्हणणं? मामा उठून बाकीचे डबे दाराशी आणून ठेवू लागले.
पेन त्यानंच दिलंय. चालतं का बघते म्हणून आत आलेय, त्याच पेनानं हे लिहितेय. चालतंय.